स्थानकापासून पाच मिनिटं

बसखेरीज दुसरं कुठलंच वाहन चालणार नाही असा स्वतंत्र रस्ता जगात पहिल्यांदा कुठे झाला, असं विचारलं तर वाहतुकीची थोडीफार माहिती असलेला माणूस ब्राझीलमधल्या कुरितिबाचं नाव सांगतो. कुरितिबाचा मान मोठाच आहे. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९७१च्या ऑक्टोबरात, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात रंकॉर्न नावाच्या गावी असा रस्ता सुरू झाला होता. मर्सी नदीच्या दक्षिण काठावरचं हे गाव रासायनिक कारखान्यांचं. लिव्हरपूलमधली दाटी हलवायला जागा हवी होती, म्हणून १९६४ मध्ये सरकारने रंकॉर्नला नवनगर म्हणून जाहीर केलं. तेव्हाची वस्ती तीस हजारांच्या आतबाहेर. पुढेमागे ती एक लाखापर्यंत न्यायची असा बेत होता.

आराखड्याचं काम आर्थर लिंग यांच्याकडे आलं. एरवी नवं शहर आखताना आधी मोटारीचे रस्ते, मग भूखंड, मग घरं आणि सगळं उभं राहिल्यावर बस कुठून न्यायची याचा विचार, असा क्रम असतो. आपल्याकडे तर तो अजूनही तसाच आहे. लिंग यांनी तो उलटा केला. त्यांनी आधी बसचा रस्ता आखला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. दोन्ही वेढे जिथे एकत्र येतात तिथे शहराचा मुख्य बाजार ठेवला. मग त्या रस्त्याच्या कडेने सुमारे आठ-आठ हजार लोकांच्या वस्त्या बसवल्या. प्रत्येक वस्तीच्या मध्याशी बसचा थांबा, थांब्याला लागून रोजच्या गरजेची दुकानं आणि त्याभोवती घरं. कुठल्याही घरापासून थांबा पाच मिनिटांच्या चालीवर हवा, ही अट. त्यांच्या हिशेबात ५०० यार्ड, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर. मोटारींसाठी वेगवान रस्ते होतेच, पण ते शहराच्या बाहेरच्या कडेने. म्हणजे बस वस्तीच्या मधून आणि मोटार वस्तीला वळसा घालून. टप्प्याटप्प्याने वाढत बसच्या रस्त्याची लांबी २२ किलोमीटरच्या आसपास गेली. रुंदी जेमतेम पावणेसात मीटर, दोन बस समोरासमोरून जाण्यापुरती. त्यावर धावणाऱ्या बसही साध्याच होत्या; कुठलंही खास यंत्र नव्हतं.

मुख्य बाजाराचं नाव शॉपिंग सिटी. ५ मे १९७२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. बसचा रस्ता इथे खांबांवर चढतो आणि स्थानक थेट दुकानांच्या पातळीला येतं. बसमधून उतरायचं आणि आत जायचं. जिना नाही, पावसात भिजणं नाही, रस्ता ओलांडणं नाही. मोटारींची सोय खालच्या अंगाला. स्थानक आणि त्याभोवतीचा विकास एकाच कागदावर, एकाच हाताने काढलेला असला की काय होतं, त्याचं हे उदाहरण. माझ्या मते उपनगरी बसस्थानकाची जागा इतक्या नेमकेपणाने ठरवल्याची उदाहरणं त्यानंतरही फार थोडी आहेत.

तरीही रंकॉर्नचा बेत निम्माच साधला. लिंग यांची अपेक्षा होती की निम्मे प्रवास बसने होतील आणि निम्मे मोटारीने. ते प्रमाण टिकलं नाही. कारण त्याच आराखड्यात शॉपिंग सिटीच्या वाहनतळांत २,४०० मोटारींची फुकट सोय होती आणि तिथवर पोचायला शहराबाहेरून सिग्नलविरहित रस्ते होते. बसला तिचा स्वतंत्र रस्ता दिला, ठीक. पण मोटारीलाही तिचा स्वतंत्र रस्ता दिला, वर शेवटी हक्काची जागा दिली. दोघांना सारखंच सुख दिलं की माणूस मोटार निवडतो. ज्याला ती परवडत नाही तो बसमध्ये राहतो. मग बस ‘ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची’ होते. पुढे ब्रिटनमध्ये कायदा बदलला. १९८६ च्या ऑक्टोबरपासून लंडनबाहेरची बससेवा खुल्या स्पर्धेला सोपवली गेली आणि रस्ता एका संस्थेचा, बस दुसऱ्यांच्या, अशी फारकत झाली. रस्त्याच्या कडेची झाडी दाट वाढली, काही थांबे वस्तीच्या नजरेआड गेले, आणि रात्री तिथे एकट्याने उभं राहायला लोक कचरू लागले. २०२० च्या जानेवारीत स्थानिक हॉल्टन ट्रान्सपोर्ट ही कंपनीच बंद पडली. रस्ता मात्र आहे आणि त्यावरून बसही जाते.

शॉपिंग सिटीशी उंचावरच्या पुलांनी जोडलेली साउथगेट नावाची वसाहत जेम्स स्टर्लिंग या नामवंत वास्तुरचनाकाराने आखली होती. गोल खिडक्यांची, सुमारे दीड हजार घरांची. स्थानकापासून इतकी जवळ आणि इतकी नीट जोडलेली वसाहत शोधून सापडणार नाही. ती १९७७ मध्ये पूर्ण झाली आणि १९९०–९२ मध्ये पाडली गेली. लोकांना त्या घरांत राहणं नको होतं. बस दारात असली म्हणून न आवडणारं घर आवडू लागत नाही, हेही वाहतूक नियोजनाच्या भक्तांनी लक्षात ठेवायला हवं.

आता ते पाच मिनिटांचं गणित जरा उलगडून पाहू, कारण सगळा खेळ त्यात आहे. सामान्य माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. पाच मिनिटांत ४०० मीटर. स्थानकाला मध्य मानून ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे ५० हेक्टर जमीन येते, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास. रस्ते, मैदानं, शाळा धरून हेक्टरी सरासरी ५० घरं पकडली तरी अडीच हजार घरं आणि दहा हजार माणसं. यांतली थोडी जरी रोज बसने गेली तरी स्थानक गजबजेल.

हे झालं कागदावरचं वर्तुळ. प्रत्यक्षात माणूस त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्यावरून चालतो. समजा मध्ये एक लांबलचक कंपाउंड वॉल आहे, नाहीतर नाला आहे आणि पूल पलीकडे लांब आहे. त्यामुळे सरळ अंतराच्या दुप्पट चालावं लागतं. मग पाच मिनिटांत सरळ रेषेत दोनशे मीटरच कापले जातात. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ निम्मं होत नाही, चौथा हिस्सा उरतो. पन्नास हेक्टरांचे साडेबारा हेक्टर. दहा हजार माणसांची अडीच हजार. स्थानक तेच, बस त्याच, इमारतीही त्याच. तीन चतुर्थांश गिऱ्हाईक एका भिंतीने पळवलं. यात रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलला घालवलेली मिनिटं अजून धरलेलीच नाहीत.

कुरितिबाने हे प्रकरण वेगळ्या वाटेने सोडवलं. १९६५ मध्ये तिथे शहर नियोजनासाठी एक संस्था स्थापन झाली, आराखडा झाला आणि त्या मंडळींपैकीच एक, वास्तुरचनाकार जैमे लेर्नर, १९७१ मध्ये महापौर झाले. १९७४ मध्ये बसचा पहिला मार्ग धावू लागला. नळीसारखी दिसणारी ती प्रसिद्ध काचेची स्थानकं बरीच नंतरची, १९९१ ची. दोन सांध्यांची लांबलचक बस त्याच्याही नंतरची, १९९२ ची. पाहुणे फोटो काढतात ते या नळ्यांचे. खरी करामत रस्त्यांच्या रचनेत आहे. तिथे एका मार्गासाठी एकमेकांना समांतर तीन रस्ते वापरले. मधल्या रस्त्यावर बसची मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना फक्त स्थानिक, हळू जाणारी वाहनं. वेगाने जायचं असलेल्या मोटारी एक-एक चौक सोडून पलीकडच्या एकेरी रस्त्यांवर धाडलेल्या, जाणाऱ्या एकीकडे आणि येणाऱ्या दुसरीकडे. या तीन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात उंच इमारतींना परवानगी, आणि खालचे मजले दुकानांना नि कचेऱ्यांना. त्यापलीकडे जसजसं लांब जावं तसतशी इमारतींची उंची कमी. विमानातून पाहिलं तर बसचा मार्ग कुठून जातो ते इमारतींवरूनच ओळखता येतं.

म्हणजे स्थानकात जाणाऱ्या माणसाला तिथे फक्त हळू वाहनांचा एक अरुंद पट्टा ओलांडायचा असतो. रंकॉर्नमध्ये मोटार शहराबाहेर, कुरितिबात एक चौक पलीकडे. आपल्याकडे ती कुठे ठेवली, ते आता पाहू.

पुण्याने देशातले सुरुवातीचे बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचे, प्रयोग केले. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा प्रायोगिक मार्ग सुरू झाला. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून पैसा आला होता. तो प्रयोग घाईचा होता आणि त्याची जी चेष्टा झाली ती बरीचशी रास्त होती. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. त्यानंतरच्या दुसऱ्या फेरीत, २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, ‘रेनबो’ नावाने नवे मार्ग सुरू झाले. पुण्यात संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी–किवळे. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हा दुसरा. चौदा-एक किलोमीटरचा हा मार्ग औंध–रावेत रस्त्याच्या मधून जातो: सांगवी फाटा, रक्षक चौक, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक, पुढे रावेत आणि शेवटी किवळ्याचा मुकाई चौक.

हा खराखुरा उपनगरी मार्ग आहे. वाकड, पुनावळे, रावेत, किवळे ही १९९७ मध्ये पालिकेत आलेली गावं. उसाच्या आणि भाजीच्या जमिनी, गावठाणं, देवळं, तालमी. शेजारी हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड, थेरगाव या पट्ट्यात बघता बघता टॉवर उभे राहिले. म्हणजे रंकॉर्नसारखी संधी होती. भलंमोठं शहर पाडून त्यातून बस काढायची नव्हती. शहर अजून उभं राहायचं होतं, आणि पंचेचाळीस मीटर रुंदीचा रस्ता हाताशी होता.

स्थानकं बांधली ती रस्त्याच्या मधोमध. लोक अजूनही विचारतात की कडेला का नाहीत. कडेला रिक्षा थांबतात, टेम्पो माल उतरवतात, सोसायटीतून गाड्या बाहेर येतात, डावीकडे वळणारे आडवे येतात. तिथे बसची मार्गिका मोकळी राहूच शकत नाही. मधोमध ती राहते. शिवाय एकाच स्थानकातून दोन्ही दिशांचे प्रवासी चढवता येतात. त्यासाठी बसला उजवीकडे दार लागतं. अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ या बीआरटीने २००९ मध्ये सुरुवात करताना बंद पद्धत घेतली: मार्गावरच्या बस मार्गावरच धावणार आणि तिकीट स्थानकात शिरतानाच घ्यायचं. पिंपरी-चिंचवडने खुली पद्धत घेतली. बस मार्गिकेतून बाहेर पडून साध्या रस्त्यानेही पुढे जाते, म्हणून तिला दोन्ही बाजूंना दारं, आणि तिकीट कंडक्टरकडे. दुसऱ्या बसमध्ये बदलायची कटकट वाचते, हा मोठा फायदा. तोटा असा की बाहेरच्या कोंडीत अडकलेली बस मार्गिकेत उशिराच शिरते आणि वेळापत्रकाची शिस्त ढळते. दोन्हींत डावं-उजवं करायचं तर पसरलेल्या उपनगराला खुली पद्धतच बरी, असं मला वाटतं.

फलाट बसच्या मजल्याच्या उंचीचा असणं ही वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट. पायऱ्या गेल्या की म्हातारी माणसं, बाळ कडेवर घेतलेल्या बाया, हातात पिशव्या असलेले लोक यांना चढायला वेळ लागत नाही. प्रत्येक थांब्यावर वाचलेले काही क्षण मार्गाच्या अखेरीस मिनिटं होतात. पण बस फलाटाला चिकटून उभी राहिली तरच. फूटभर लांब उभी राहिली की तीच उंची धोक्याची ठरते, म्हणून चालकांचं प्रशिक्षण हा स्थानकाच्या बांधकामाइतकाच खर्चाचा विषय मानला पाहिजे.

तर स्थानक मधोमध, हे बरोबर. चूक आहे ती त्याच्या दोन्ही बाजूंना काय वाहतं त्यात. कुरितिबाने वेगवान मोटारी बसच्या रस्त्यावरून काढून घेतल्या. आपण त्या तिथेच ठेवल्या आणि त्यांचा वेग वाढावा म्हणून चौकाचौकांत उड्डाणपूल नि ग्रेड सेपरेटर बांधले. त्यामुळे स्थानक वाहत्या महामार्गाच्या मधल्या बेटावर येऊन बसलं. बेटापासून पदपथापर्यंत अंतर वीसेक मीटर असेल, पण त्या वीस मीटरांत जीव मुठीत धरून पळावं लागत असेल तर आजोबा आजीला घेऊन बसने जात नाहीत. ते रिक्षा करतात. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरच्या निगडी–दापोडी मार्गाचं हेच झालं. मार्गिका बांधून तयार होती, पण सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रत्यक्ष बस धावायला २०१८ साल उजाडलं.

विकासाचं काय? पिंपरी-चिंचवड महापालिकेने एक धाडसी आणि कल्पक गोष्ट केली. बीआरटी मार्गाच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटरच्या पट्ट्यात वाढीव टीडीआर वापरायला परवानगी दिली. रस्त्यासाठी, बागेसाठी ज्याची जमीन गेली त्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो. तो हक्क तो विकतो आणि विकत घेणारा आपल्या भूखंडावर नेहमीपेक्षा जास्त बांधतो, ही टीडीआरची साधी पद्धत. मार्गालगत जास्त बांधायला मुभा, त्यासाठी जादा शुल्क आणि ते शुल्क शहरी वाहतूक निधीत, अशी ही साखळी. सार्वजनिक पैशातून रस्ता झाला, त्यामुळे जमिनीचा भाव वाढला, तर त्या वाढीतला वाटा पुन्हा बसकडे यावा, हे तत्त्व बिनतोड आहे. देशातल्या बऱ्याच महापालिकांना ते सुचलंही नव्हतं. श्रेय द्यायलाच हवं.

पण पट्टा का, आणि शंभर मीटरच का? स्थानकाभोवतीच्या पाच मिनिटांच्या वर्तुळात पन्नास हेक्टर येतात हे वर पाहिलं. त्याच वर्तुळात शंभर-शंभर मीटरचे दोन पट्टे मोजले तर पंधरा-सोळा हेक्टर भरतात, जेमतेम एक-तृतीयांश. म्हणजे रस्त्याला लागून, धुराच्या आणि हॉर्नच्या तोंडाशी असलेल्या भूखंडाला जादा बांधकाम मिळालं, आणि दीडशे मीटर आत, सरळ गल्लीने दोन मिनिटांत स्थानक गाठता येईल अशा भूखंडाला काही नाही. हा नियम स्थानकाची जवळीक मोजत नाही, मोठ्या रस्त्याचा दर्शनी भाग मोजतो. अहमदाबादनेही पट्टाच घेतला, पण दोन्ही बाजूंना दोनशे मीटरचा आणि त्यात चार एफएसआयपर्यंत, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकामापर्यंत, मुभा. पुढे पुण्यात मेट्रोसाठी नियम करताना पट्टा सोडून स्थानकाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ धरलं गेलं. बसच्या बाबतीत तो विचार मागे जाऊन कोणी लावला नाही. मेट्रोचं स्थानक ते स्थानक आणि बसचं स्थानक म्हणजे थांबाच, ही आपली मनातली उतरंड त्यामागे असावी.

काही जागी तर भूगोलच आड आला. सांगवी फाट्यापासून रक्षक चौकापर्यंत रस्त्याच्या एका अंगाला लष्कराची हद्द आहे. तिथे ना घरं होणार, ना दुकानं. तिथल्या स्थानकाला जन्मतःच अर्धं वर्तुळ कमी. याला इलाज नाही, पण मग उरलेल्या अर्ध्यातून चालत येणाऱ्याची वाट तरी जवळची हवी होती.

यानंतर येतं पार्किंग. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा तोच. विकास नियंत्रण नियमांत फ्लॅटच्या आकारानुसार इतक्या मोटारी, इतक्या दुचाकी यांची जागा देणं बंधनकारक असतं. जादा बांधकाम म्हणजे जादा फ्लॅट, आणि जादा फ्लॅट म्हणजे जादा पार्किंग. पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरलं जात नाही, त्यामुळे बिल्डरला त्याची चिंता नाही. तो खालचे दोन-तीन मजले गाड्यांना देतो आणि त्यावर टॉवर उभा करतो. परिणाम असा की ज्या पदपथावरून माणसांनी स्थानकाकडे जावं त्याच्या कडेला दुकान नाही, चहाची टपरी नाही, खिडकी नाही. आहे ती पार्किंगची जाळी आणि कंपाउंड वॉल. अशा पदपथावर संध्याकाळी सातनंतर बाईमाणूस सहज चालत नाही. जिथे दुकानं आहेत तिथे लोक असतात, उजेड असतो, वावर असतो. कुरितिबाने खालचे मजले दुकानांना दिले ते उगाच नाही.

म्हणजे बसच्या नावाने मिळालेल्या जादा बांधकामातून जास्तीत जास्त काय तयार झालं असेल, तर मोटारी ठेवायची जागा. रंकॉर्नची २,४०० मोटारींची चूक आपण सार्वजनिक वाहनतळाऐवजी घरोघरी वाटून केली. ज्याच्या घराखाली गाडीची हक्काची जागा आहे आणि घराच्या किमतीत ती जागा आधीच धरलेली आहे, तो माणूस गाडी घेतोच. घेतल्यावर ती चालवतोच. मग रस्ता भरतो. मग कोंडीत अडकलेला तोच माणूस शेजारच्या मोकळ्या मार्गिकेकडे बोट दाखवून म्हणतो, ही बीआरटी काढा, जागा अडवून बसलीय. नगर रस्त्यावरचा मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला होता. अलीकडे त्याचा एक भाग काढून टाकला गेला. कारण कोंडीचंच सांगितलं गेलं. एका मार्गिकेतून तासाला किती माणसं जातात हा हिशेब अशा वेळी मागे पडतो, कारण मोकळी दिसणारी मार्गिका रिकामीच आहे असं डोळ्यांना वाटतं. दोन मिनिटांना एक बस, बसमध्ये पन्नास माणसं, म्हणजे तासाला दीड हजार. शेजारच्या गाड्यांत बहुधा एकेकच माणूस. पण यासाठी दोन मिनिटांना एक बस खरोखर यायला हवी, हेही तितकंच खरं. पंधरा मिनिटं वाट पाहायला लावणारी बीआरटी स्वतःचा बचाव करू शकत नाही.

इथे पिंपरी-चिंचवडचा थोडा जुना संदर्भ आठवतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे सेक्टर आखले, रुंद रस्ते काढले, झाडं लावली. रंकॉर्नची शॉपिंग सिटी उघडली ते हेच साल. प्राधिकरणातले रस्ते आजही शहरातले सगळ्यात चांगले रस्ते म्हणून सांगितले जातात. पण तिथेही आधी रस्ता आणि प्लॉट, बस नंतर. पन्नासएक वर्षांनी, २०२१ मध्ये, प्राधिकरण विलीन झालं. बसचा रस्ता आधी आखून त्याभोवती गाव वसवण्याची संधी या शहराला दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा क्रम तोच राहिला.

यापुढे काय करता येईल? मोठमोठ्या गोष्टी सोडून देऊ. पंचेचाळीस मीटरच्या रस्त्यावरून मोटारी आता कोणी पलीकडच्या गल्लीत धाडणार नाही. पण काही गोष्टी फुटकळ वाटल्या तरी त्यांनीच फरक पडतो. स्थानकासमोर रस्ता ओलांडायची जागा रस्त्याच्या पातळीवर न ठेवता पदपथाच्या उंचीला आणावी, म्हणजे गाडीला चढ चढून जावं लागेल आणि वेग आपोआप मरेल. पादचारी पूल नकोत. चाळीस पायऱ्या चढून उतरण्यापेक्षा लोक दुभाजक ओलांडतात, हे आपण गेली पन्नास वर्षं पाहत आलो आहोत. पट्ट्याचा नियम बदलून स्थानकाभोवतीचं वर्तुळ धरावं. त्या वर्तुळात पार्किंगची किमान अट काढून कमाल मर्यादा घालावी, आणि पार्किंगची जागा फ्लॅटच्या किमतीतून वेगळी काढून ज्याला हवी त्यालाच विकावी. तळमजल्याला, रस्त्याच्या बाजूला, दुकानं सक्तीची करावीत. जादा शुल्कातून निधीत आलेला पैसा नव्या उड्डाणपुलाकडे न वळवता बसकडे आणि पदपथाकडेच जावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी नगरसेवकांसमोरच नव्हे, लोकांसमोरही ठेवावा.

हे सगळं महापालिकेने करायचं. पण भिंतीचा प्रश्न महापालिकेचा नाही. या पट्ट्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांना एकच फाटक आहे, तेही गाड्यांच्या सोयीने ठेवलेलं. स्थानक मागच्या भिंतीपलीकडे शंभर मीटरवर आणि चालत जायचं तर पुढून वळसा घालून पाऊण किलोमीटर, अशी घरं थोडी नाहीत. दोन सोसायट्यांच्या मधून जाणारी वहिवाटीची पायवाट सुरक्षेच्या नावाखाली बंद झाल्याची उदाहरणंही गावोगाव सापडतील. तुम्ही अशा सोसायटीत राहत असाल तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक साधा विषय मांडा: स्थानकाच्या बाजूच्या भिंतीत माणसांपुरतं, एका पहारेकऱ्याच्या नजरेत राहील असं छोटं फाटक काढायचं, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवायचं. खर्च किरकोळ आहे आणि त्याला राज्य सरकारची मंजुरी लागत नाही.